हिशेब यंत्राकडे, निवाडा माणसाकडे: डिजिटल काळातले टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळ

कसबा पेठेतला एक वाडा. साल १७९५. सवाई माधवराव पेशव्यांना जाऊन आठवडाही झालेला नाही आणि शहरात नाना फडणवीसांचे हेर फिरताहेत. वाड्यातल्या एका कारकुनाकडे पत्र आहे, ते उजाडायच्या आत हाती यायला हवे. खेळ चालवणारा एवढे सांगतो आणि विचारतो, "दिंडी दरवाजा आतून बंद आहे. काय करता?" एक खेळाडू म्हणतो, भिंत चढतो. दुसरी म्हणते, "पहाटे पाणी भरायला पाणक्या येत असेल ना? मी त्याला आळीच्या तोंडाशी गाठते." खेळ चालवणाऱ्याच्या वहीत पाणक्या नव्हता. आता आहे.

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे मुख्यतः हेच. तीन ते पाच खेळाडू, प्रत्येकाचे एक पात्र, उरलेले सगळे जग सांभाळणारा एक गेम मास्टर म्हणजे जीएम, आणि शंका असेल तिथे फासे. व्हिडिओ गेममध्ये हा पाणक्या हवा असेल तर तो कोणीतरी आधी काढून, त्याचे बोलणे लिहून ठेवलेले असावे लागते. टेबलावर तो एका प्रश्नातून उगवतो. "येतो, पण तो कारकुनाला बांधलेला माणूस आहे," असा निवाडा जीएम तिथल्या तिथे देतो. डिजिटल साधने या खेळाचे काय करणार, याचे उत्तर इथेच दडलेले आहे. साधनांना हिशेब उत्तम जमतो, निवाडा जमत नाही. कुठले काम कोणाकडे द्यायचे यावर गटाचा खेळ रंगतो किंवा फसतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला पहिला प्रसिद्ध झालेला खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी तो १९७४ साली आणला. पहिली छपाई १,००० प्रतींची होती. हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव), लेव्हल, अनुभवाचे गुण या त्यातल्या कल्पना संगणकावरच्या खेळांनी जवळजवळ जशाच्या तशा उचलल्या. तेव्हापासून 'आता कागदी खेळ संपला' असे अधूनमधून ऐकू येते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा संगणकानेच टेबलाकडे माणसे पाठवली. २०१२ मध्ये रोल२० हे ब्राउझरमध्ये चालणारे टेबल आले. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल'ने आवाज देणाऱ्या व्यावसायिक कलाकारांचा खेळ थेट दाखवायला सुरुवात केली. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक गट रातोरात ऑनलाइन गेले, आणि २०२३ मध्ये याच नियमांवर बेतलेला 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकावरचा खेळ खेळलेल्या अनेकांना हे मुळात फाशांनी खेळतात हा शोध लागला.

बेरीज कोणी करायची

वीस बाजूंच्या फाशाचे गणित सोपे आहे: प्रत्येक आकडा ५ टक्के. पाणक्याला पटवायला १५ किंवा जास्त हवेत आणि पात्राच्या गोडबोलेपणाचे ३ मिळतात, तर फाशावर १२ पासून पुढचे काहीही चालेल. अशा नऊ बाजू, म्हणजे ४५ टक्के शक्यता. खेळाडूने पाणक्याच्या गावच्या पाटलाचे नाव घेतले आणि जीएमला ते पटले, तर तो अ‍ॅडव्हांटेज देतो: दोन फासे टाकायचे, मोठा धरायचा. शक्यता लगेच ७० टक्क्यांजवळ जाते. अ‍ॅडव्हांटेजचा जोर मधल्या आकड्यांवर जास्त असतो. ११ हवे असताना ५० चे ७५ टक्के होतात, पण नेमके २०च हवे असतील तर ५ चे जेमतेम पावणेदहा. अवघड कामाला 'थोडी मदत' म्हणून अ‍ॅडव्हांटेज देणाऱ्या नव्या जीएमची निराशा होते ती यामुळे. तिथे लागणारा आकडाच खाली आणावा.

यातली बेरीज अ‍ॅप चुटकीसरशी करते. पाटलाचे नाव घेणे पुरेसे होते का, हे त्याला ठरवता येत नाही.

हाणामारीत मात्र यंत्राची मदत खरोखर मोलाची. चार खेळाडू आणि जीएम, प्रत्येकाला तीन मिनिटे धरली तरी एक फेरी १५ मिनिटांची, आणि चार फेऱ्या म्हणजे तास गेला. हा वेळ बहुतेक वेळा विचार करण्यात जात नाही. आठ सहापैलू फाशांची बेरीज, कोणत्या शत्रूने अर्धेच नुकसान घेतले, विषाचा परिणाम अजून किती फेऱ्या आहे, या नोंदींमध्ये जातो. हे सगळे सॉफ्टवेअरकडे द्यावे आणि मोकळे व्हावे.

पण एक धोका आहे. पडद्यावरच्या शीटवर, म्हणजे पात्राची सगळी माहिती असलेल्या पानावर, सोळा बटणे दिसली की खेळाडू सतरावी गोष्ट सुचवेनासे होतात. 'मी पाणक्याला गाठते' याचे बटण नसते. यावर दोन उपाय चालतात. पहिला, बोलायचे आधी, बटण नंतर: पात्र काय करते ते खेळाडूने वाक्यात सांगितल्याशिवाय फासा टाकायचा नाही. दुसरा, ऑटोमेशन अर्ध्यावर ठेवायचे. फासा आणि बेरीज आपोआप, पण नुकसान शत्रूला लावणे, जादूचा परिणाम संपवणे ही कामे जीएमच्या हाताने. पूर्ण ऑटोमेशन ठेवले की 'तो खांबाआड आहे, त्याला अर्धेच लागेल' असे म्हणायला जीएमला जागा उरत नाही. म्हणायचे झाले तर आधी यंत्राने केलेले निस्तरावे लागते.

ऑनलाइन टेबल: काय लागते, काय बिघडते

पुण्यातल्या गटात एक जण कोथरूडला, एक हिंजवडीला, एक वाघोलीला आणि एक तरी गडी जर्मनीत किंवा अमेरिकेत असतोच. पहिले तिघे भेटू शकतात, पण शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीहून निघून वेळेवर पोहोचायची पैज कोणी लावत नाही. मग व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे पडद्यावरचे सामायिक टेबल, येते.

सर्वांत हलके ऑउलबेअर रोडिओ: ब्राउझरमध्ये नकाशा, टोकन (पात्रांच्या सोंगट्या), फासे, आणि फारसे काही नाही. नव्या गटाने इथून सुरुवात करावी. रोल२० मध्ये शीट, नियम, गप्पांची खिडकी सगळे एकत्र मिळते. मोफत खात्यावर साठवणुकीची मर्यादा लवकर भरते. फाउंड्री मे २०२० मध्ये आले. ते एकदाच विकत घ्यायचे असते, तेही फक्त जीएमने, आणि बाकीचे ब्राउझरमधून जोडले जातात. फाउंड्री सर्वांत ताकदवान आहे आणि सर्वांत जास्त डोकेदुखीही तिथेच. कारण साधे: सर्व्हर जीएमच्या घरी असतो.

भारतातल्या घरगुती ब्रॉडबँडवर नेमके इथे अडते. फाउंड्री ३०००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे बाहेरून आत यायच्या दारावर, चालते आणि मार्गदर्शकांमध्ये 'राउटरवर पोर्ट उघडा' एवढेच सांगितलेले असते. पोर्ट उघडूनही मित्रांना पान दिसत नाही, कारण अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात. याला सीजी-नॅट म्हणतात. ओळखायचे असे: राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरचा पत्ता) पाहा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरचा आकडा पाहा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टापूत सुरू होत असेल, तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका. कंपनीकडून पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्या, किंवा क्लाउडफ्लेअर टनेल, टेलस्केल यांसारखा बोगदा वापरा, किंवा फाउंड्री भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा. सर्वांकडे आयपीव्ही६ चालू असेल तर कधीकधी त्याने आपोआप सुटते, पण 'सर्वांकडे' ही अट पुरी होणे दुर्मीळ.

दुसरा अडथळा नकाशाच्या चित्राचा. फाउंड्रीत एक चौकोन मुळात १०० पिक्सेलचा. ३० बाय २० चौकोनांचा वाडा म्हणजे ३००० बाय २००० पिक्सेल. पीएनजी स्वरूपात हे चित्र सहज १२ एमबीचे होते. पाच खेळाडूंना ते एकाच वेळी पाठवायचे तर ६० एमबी, आणि अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर पाऊण मिनिट सगळे काळ्या पडद्याकडे बघत बसतात. तेच चित्र वेबपी स्वरूपात दीड-दोन एमबीचे होते. मात्र फाइल लहान झाली म्हणजे काम संपले असे नाही. ग्राफिक्सच्या मेमरीत चित्र उलगडले की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. ८००० बाय ८००० चा अख्खा किल्ला फाइल म्हणून कितीही दाबलात तरी मेमरीत २५६ एमबी घेतो, आणि ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझर मान टाकतो. सिंहगड एका नकाशात बसवायचा हट्ट सोडावा. कल्याण दरवाजा वेगळा, पुणे दरवाजा वेगळा.

खेळाच्या दिवशी सॉफ्टवेअर अद्ययावत करू नका. मोठी आवृत्ती बदलली की त्याला जोडलेली मॉड्यूल (इतरांनी बनवलेल्या जोड-सोयी) तुटतात आणि दुरुस्त होऊन यायला आठवडे जातात. आधी जगाचे फोल्डर कॉपी करून ठेवा, मग बटण दाबा. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर चालत नाही, आणि जीएमचा राउटर गेला की अख्खा वाडा अंधारात.

वेळेचे गणितही लिहून ठेवावे लागते. शनिवारी रात्री साडेआठ म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच आणि हिवाळ्यात चार. तिथली घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात, अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. गटात दोन्हीकडचे खेळाडू असतील तर मधल्या आठवड्यांत कोणीतरी हमखास तासभर आधी किंवा नंतर उगवतो.

ऑनलाइन खेळ टेबलापेक्षा लवकर दमवतो. टेबलावर दोन जण एकदम बोलले तरी कान निवड करतो. कॉलवर आवाज एकमेकांवर आपटतात आणि दोघेही गप्प होतात. म्हणून चार खेळाडू आणि अडीच-तीन तास ही मर्यादा बरी. जीएमने मोकळा प्रश्न टाकण्याऐवजी नाव घेऊन विचारावे. मागे संगीत हवे असेल तर स्पीकरवर वाजवू नका, आवाज गाळणारी यंत्रणा ते गोंगाट समजून खाऊन टाकते. टेबलटॉपच्या आत जी ध्वनिफीत लावायची सोय असते ती वापरा.

एक पाय घरात, एक पडद्यावर

आमच्या मते यापुढचे बहुतेक गट मिश्र असतील: चार जण हॉलमध्ये, एक लांब. हा प्रकार दिसतो सोपा, चालवायला सर्वांत कठीण. लांबचा खेळाडू पहिल्या तासानंतर प्रेक्षक होतो, आणि त्याचे मुख्य कारण आवाज असते.

टेबलावरच्या सगळ्या लॅपटॉपचे माइक आणि स्पीकर बंद. एकच उपकरण कॉलवर बोलेल आणि ऐकेल, ते टेबलाच्या मधोमध. दुसरा माइक चालू राहिला तर शिट्टी सुरू होते, कारण प्रतिध्वनी पुसणारी यंत्रणा फक्त स्वतःच्या स्पीकरमधून काय गेले हे ओळखते, शेजारच्या लॅपटॉपचे तिला परके असते. आपल्या फ्लॅटमधले हॉल गुळगुळीत फरशीचे, रिकाम्या भिंतींचे. खाली सतरंजी घातली आणि पडदे ओढले तरी समोरच्याला शब्द स्पष्ट कळू लागतात. आणि प्रत्येक फेरीत लांबच्याला सर्वांत आधी विचारायचे.

नकाशासाठी टीव्ही आडवा ठेवणे ही युक्ती झकास आहे. ४३ इंची टीव्हीची रुंदी साडेसदतीस इंच असते. फुल एचडी असेल तर १९२० पिक्सेल भागिले ३७.५, म्हणजे इंचाला ५१ पिक्सेल. एक इंची बैठकीच्या बाहुल्या वापरायच्या तर चौकोन पडद्यावर ५१ पिक्सेलचा दिसला पाहिजे. १०० पिक्सेलच्या नकाशाला झूम ०.५१ इतका ठेवायचा आणि तिथेच पक्का करायचा. फोरके टीव्हीवर हाच आकडा १०२. टीव्हीच्या मागे हवा जायची जाळी असते, म्हणून खाली चारही कोपऱ्यांना तीन-चार सेंटिमीटरचे ठोकळे द्या आणि वर अ‍ॅक्रिलिकचा पत्रा टाका. पितळी फाशांनी पडद्यावर टवके उडतात आणि चहाच्या कपाचे तर बोलायलाच नको.

एआय जीएम होईल का

२०१९ च्या अखेरीस एआय डंजन आले तेव्हापासून हा प्रश्न आहे. आजची भाषा-मॉडेले त्याहून कितीतरी सफाईने लिहितात. पाणक्याचे नाव, गाव, बोलण्याची लकब क्षणात देतात. तरीही तीन ठिकाणी ती घसरतात, आणि का घसरतात हे समजले तर त्यांचा उपयोगही नीट करता येतो.

पहिले, होकार. मॉडेल सांगितलेले मानण्याकडे झुकते. 'माझ्याकडे वाड्याची किल्ली आहे' म्हणालात तर बहुधा किल्ली निघते. जीएमच्या 'नाही, पण'मध्ये खेळाची अर्धी गंमत असते. दुसरे, स्मृती. एका वेळी मॉडेलसमोर ठरावीक लांबीचाच मजकूर राहतो. संभाषण वाढले की सुरुवातीचा भाग गळतो किंवा त्याचा सारांश होतो, आणि पाचव्या सेशनला कारकुनाचे आडनाव बदलते. मॉडेल मजकूर छोटे तुकडे करून वाचते, आणि देवनागरी मजकुराला बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे लागतात, म्हणून मराठीत खेळताना ही वेळ लवकर येते. तिसरे, फासे. त्याला 'फासा टाक' म्हटले आणि मागे खरा यादृच्छिक आकडा काढणारा प्रोग्राम जोडलेला नसेल, तर ते गोष्टीला शोभेल असा आकडा लिहून मोकळे होते. शोभेल असा आकडा म्हणजे फासा नव्हे.

म्हणून फासे स्वतः टाकावेत. जगाची नोंद मॉडेलच्या बाहेर, एका साध्या फाइलमध्ये ठेवावी: कोण कुठे आहे, कोणाला काय वचन दिले, कोणते गुपित अजून फुटलेले नाही. दर सेशनला दहा-पंधरा ओळी पुरतात. तयारीला मॉडेल वापरा, जसे बाजारातल्या वीस दुकानदारांची नावे किंवा गेल्या वेळचा गोषवारा. १७९५ च्या पुण्याचे तपशील त्याच्याकडून घेतलेत तर तपासून घ्या. बटाटेवडा विकणारा पेशवाईतला फेरीवाला ते अगदी आत्मविश्वासाने उभा करू शकते.

पुस्तक कपाटात की भाड्याने

खेळाच्या भविष्याबद्दल सगळे एआयवर बोलतात, पण खरी ओढाताण मालकीची आहे. २००० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम ओपन गेम लायसन्सखाली इतरांना वापरायला खुले झाले आणि त्यावर असंख्य छोट्या प्रकाशकांचा संसार उभा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये त्या परवान्याचा नवा, जाचक मसुदा फुटला. हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या हॅस्ब्रोच्या कंपनीवर खेळाडू तुटून पडले, डी अँड डी बियाँड या तिच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी रद्द करण्याची लाट आली, आणि त्याच महिन्यात कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकले. तो परवाना मागे घेता येत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये वेगळाच प्रकार. नव्या नियमांबरोबर डी अँड डी बियाँडवरच्या शीटमधले जुने मंत्र आणि जादूई वस्तू बदलल्या जातील, असे जाहीर झाले. लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकांतला हा मजकूर होता. ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. २०२५ च्या फेब्रुवारीत सिजिल हे त्यांचे त्रिमितीय टेबल आले आणि पुढच्याच महिन्यात ते बनवणाऱ्या बहुतेक लोकांना निरोप देण्यात आला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीबरोबरही त्रिमितीय टेबलाचे वचन होते, ते तसे कधी आलेच नाही.

म्हणून एखादे साधन निवडताना चित्रे किती सुंदर यापेक्षा बाहेर पडायचा रस्ता आहे का हे आधी पाहावे. शीट पीडीएफमध्ये उतरवता येते का? वर्गणी थांबवली तर मोहिमेच्या, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीच्या, नोंदी हाती राहतात का? नियम कुठेतरी छापील किंवा स्वतःच्या डिस्कवर आहेत का? तीनपैकी दोन उत्तरे 'नाही' असतील तर तिथे दोन वर्षांची मोहीम मांडू नये.

क्रिएटिव्ह कॉमन्समुळे मराठी गटांसाठी एक दार उघडे झाले आहे, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. या परवान्याखालचे नियम मराठीत आणता येतात, छापता येतात, विकताही येतात. मूळ कर्त्याचा आणि परवान्याचा उल्लेख असलेला, त्यांनीच दिलेला मजकूर आत टाकावा लागतो, आणि बदल केले असतील तर तसे सांगावे लागते. परवाना फक्त त्या मूळ नियमांच्या दस्तऐवजाला आहे. बाकीची पुस्तके, प्रसिद्ध राक्षसांपैकी काही आणि खेळाचे चिन्ह त्यात येत नाही.

पहिल्याच दिवशी चारशे पाने मराठीत आणायची गरज नाही. दोन साध्या सहापैलू फाशांवर चालणारे छोटे खेळ आहेत: बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होते पण किंमत मोजून, ६ किंवा खाली आली तर जीएमची पाळी. शक्यता अनुक्रमे १७, ४२ आणि ४२ टक्क्यांच्या आसपास. किंमत मोजून जिंकणे इतक्या वेळा घडते की गोष्ट आपोआप पुढे सरकते, आणि फासे कुठल्याही ल्युडोच्या डब्यात सापडतात.

कॅरेक्टर शीट मात्र भरता येणाऱ्या पीडीएफमध्ये बनवू नका. त्या चौकटींमध्ये देवनागरी टाइप केली की पुष्कळदा जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या उडतात. ऑनलाइन गटाला गूगल शीट पुरते. टेबलावरच्या गटासाठी वर्ड प्रोसेसरमध्ये युनिकोड फॉन्ट घेऊन ए-५ आकारात पुस्तिका मांडावी, फॉन्ट आत बसवून पीडीएफ काढावी आणि ती अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट छापायला द्यावी. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. सोळा पानांना चार ए-४ कागद लागतात, मधोमध दोन पिना, आणि खेळाडूंची संख्या अधिक दोन इतक्या प्रती काढा, कारण एक कोणीतरी घरी विसरतो आणि एकावर चहा सांडतो.